खालिदच्या हातात नेमकं काय दिलंय?

ठाणे
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय रव्या,

१ तारखेला खालिदची नेमणूक जाहीर झाली तेव्हाच फोन करणार होतो. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि ह्या विषयावर तर मुळीच नाही. म्हणून सरळ लिहायला बसलो. खालिद जमील भारताच्या फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला असं इथे ऑफिसात सांगितलं की लोक "कोण?" विचारतात. कूपरेजवर खालिदच्या हाताखालची मुंबई एफसी बघितलेल्या माणसालाच त्याचा अर्थ कळणार, आणि तशी माणसं फार उरली नाहीत. नंद्याला कळवलं तर त्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा!

इकडे तब्येती ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर गोळ्यांवर. झालं.

तू ग्रुपवर लिहिलंस, "स्वस्तात मिळाला म्हणून घेतला." पैशाचा भाग आहेच, नाही कोण म्हणतं? मागे स्टिमाच कोच होता, त्याला मुदतीआधी काढलं आणि ४ लाख डॉलर मोजून ते प्रकरण मिटवावं लागलं. त्यानंतर कुठलाही महासंघ हात आखडताच घेणार. पण नुसता स्वस्त माणूस हवा असता तर एवढ्या अर्जांत कितीतरी मिळाले असते. शेवटी राहिली तीन नावं : खालिद, स्लोव्हाकियाला युरो २०२० खेळवणारा तारकोविच आणि दोनदा आपला कोच राहिलेला तुझा लाडका कॉन्स्टंटाइन.

कॉन्स्टंटाइनवरून आपला २०१९ मध्ये अबोला झाला होता, तो पुन्हा नको. मार्च २०१५ मध्ये आपण फिफा क्रमवारीत १७३ वर होतो आणि २०१७ मध्ये ९६ वर आलो, हे त्याचं श्रेय मी कधीच नाकारलं नाही. २०१९च्या आशियाई चषकात थायलंडला ४-१ हरवलं तेव्हा तुझ्याइतकाच मीही ओरडलो. माझं म्हणणं तेव्हाही एवढंच होतं की बहारीनविरुद्ध बरोबरी पुरत होती म्हणून ९० मिनिटं नुसतं मागे बसून राहायचं नसतं. ९१व्या मिनिटाला पेनल्टी देऊन हरलो ते त्यातूनच. आणि त्याच माणसाला तिसऱ्यांदा बोलवायचं? संघ जुना झाला की जुनाच कोच आणायचा, हा उपाय मला पटत नाही. सावियो मदेरा २०१२ मध्ये कोचपदावरून गेले, त्यानंतर थेट आता भारतीय माणूस आला. १३ वर्षं.

आनंद इथे संपला. आता काळजी, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

खालिदचा खेळ आपल्याला पाठ आहे. चार-चारच्या दोन ओळी, दोन्हींमधलं अंतर कमी, चेंडू मिळाला की लांब पुढे, आणि खाली पडणाऱ्या दुसऱ्या चेंडूवर तुटून पडायचं. वर कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो. तू ह्याला "गल्लीतला फुटबॉल" म्हणतोस. पण ह्याच खेळावर २०१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉल क्लबने त्याच्या हाताखाली १८ सामन्यांत ३७ गुण काढून आय-लीग जिंकली, मोहन बागानपेक्षा फक्त एक गुण जास्त. आदल्या वर्षी त्यांची खालच्या लीगमध्ये घसरगुंडी झालेली, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्यांना परत घेतलेलं. (आयझॉल पुन्हा खाली जाणार म्हणून तू पैज लावली होतीस. मामलेदारची मिसळ अजून बाकी आहे, मी विसरलेलो नाही.) २०२१ मध्ये अर्ध्या हंगामात नॉर्थईस्ट युनायटेड क्लब हातात घेतला आणि आयएसएलच्या प्लेऑफला नेला. ह्या वर्षी जमशेदपूरला उपांत्य फेरीत नेलं. लागोपाठ दोन वर्षं महासंघाचा सर्वोत्तम प्रशिक्षक.

पण ह्या प्रत्येक संघाचा कणा काढून बघ. आयझॉलला मधोमध जार्यान आणि अल-आमना, वर कामो. जमशेदपूरला मागे एझे आणि चिर्कोविच, मध्ये हावी हर्नांडेझ, वर सिवेरिओ आणि मरे. म्हणजे लांब चेंडू जो छातीवर घेणार तो परदेशी, आणि समोरचा लांब चेंडू जो डोक्याने परतवणार तोही परदेशी. आपल्या पोरांनी बाजूने धावायचं आणि दुसरा चेंडू उचलायचा. जयेश राणेसारखा पोरगा त्यात फुलला, कारण मधली मारामारी दुसरा कुणीतरी करत होता. भारतीय संघात तो दुसरा कुणीतरी नाही.

हा दोष एकट्या खालिदचा नाही. आयएसएल ही आपली सर्वोच्च लीग, तिथे मैदानावर चार परदेशी चालतात. क्लब त्यांना कुठे लावतात? स्ट्रायकर, मधला बचावपटू आणि मिडफिल्डचा मधला. आपल्या पोरांना मिळतो विंग आणि फुलबॅक. काल ड्युरँडची फायनल बघितलीस ना? नॉर्थईस्टने डायमंड हार्बरला ६-१ धुतलं, पण त्यांच्याकडे वर कोण असतो? अलादीन अजराई, मोरोक्कोचा, मागच्या आयएसएल हंगामात २३ गोल. आणि भारतीयांत सगळ्यात जास्त गोल कुणाचे? छेत्रीचे, १४, वयाच्या चाळिशीत. निवृत्त झालेल्या माणसाला मार्चमध्ये परत बोलवावं लागलं. आता खालिदने कॅम्पच्या ३५ जणांत त्याला घेतलं नाही, दुसऱ्यांना बघायचंय म्हणतो. तू त्यावर चिडलास. मला ते बरोबर वाटतं. काफाचे (मध्य आशियातल्या स्पर्धेचे) सामने सरावाचे आहेत, तिथे नाही बघणार तर कधी? पण छेत्री नाही तर गोलसमोरच्या पेटीत कोण, ह्याचं उत्तर माझ्याकडेही नाही. विंगर हवे तेवढे आहेत. छांगटे आहे, महेश आहे, विक्रम प्रताप आहे. क्रॉस येतील. त्यावर डोकं कोण लावणार?

गोलांचा दुष्काळ खालिदच्या आधीच्या कोचच्या, मानोलोच्या वेळीच दिसला. आठ सामने, एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. बांगलादेशशी शिलाँगला ०-०. हाँगकाँगला आशिकसमोर गोल मोकळा होता, तो बाहेर मारला. आणि भरपाई वेळेत आपला गोलकीपर कैथ चेंडू ठोसायला बाहेर आला, ठोसा माणसाला लागला, पेनल्टी, ०-१. आशियाई चषकाच्या पात्रता गटात दोन सामन्यांत एक गुण. हाँगकाँग आणि सिंगापूर चार-चारवर. गटातून एकच संघ आशियाई चषकाला जाणार. म्हणजे ऑक्टोबरात सिंगापूरशी ९ तारखेला तिकडे आणि १४ तारखेला इकडे, ह्या दोन सामन्यांतून किमान चार गुण हवेतच. खरं तर सहा.

आता वेळेचा हिशेब कर. ऑक्टोबरची फिफा विंडो, म्हणजे क्लबांनी खेळाडू देशाला सोडायचाच तो काळ, ६ ते १४. क्लबने सोमवारी खेळाडू सोडला की एक दिवस प्रवासात जातो, एक पाय मोकळे करण्यात, उरतो एक पूर्ण सराव. दोन ओळींमधलं अंतर जागेवर बसायला खालिदला क्लबात आठवडेच्या आठवडे लागायचे, तेही रोज सकाळी तीच तीच कवायत करून. एका सरावात ते होत नाही.

"लीगच बंद आहे, मग कॅम्प हवा तेवढा लांब घेता येईल," असं नंद्याने म्हटलं होतं (अंगठ्याच्या आधी). ऐकायला बरं वाटतं. ११ जुलैपासून आयएसएल थांबलंय, लीग चालवायच्या हक्कांचा करार ८ डिसेंबरला संपतो, महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात, काही क्लबांनी पगार थांबवलेत. कॅम्प लांब मिळेलही. पण सामन्याची तब्येत सामने खेळूनच येते. प्रीसीझनला पाच-सहा आठवडे आणि मधे सराव सामने लागतात. ते नसले की पहिला तास ठीक जातो, पुढे मिडफिल्डर परत यायला दोन-दोन सेकंद उशीर करतात, ओळींमध्ये भगदाड पडतं आणि हॅमस्ट्रिंग धरून एकेक जण खाली बसतो. खालिदचा सगळा खेळच त्या परत धावण्यावर उभा आहे. आणि ज्यांचे सामने चालू आहेत ते क्लब खेळाडू सोडायला तयार नाहीत. काफा २९ तारखेला सुरू होतंय, विंडो १ सप्टेंबरला. मोहन बागानने नियमावर बोट ठेवून नकार दिला. खेळाडू जखमी झाला की क्लबच निस्तरतो, हेही खरंच आहे.

मग एवढ्यात काय बसवता येईल? मला वाटतं, फक्त थांबलेला चेंडू. कॉर्नर आणि थ्रो दोन-तीन सरावांत बसतात, पळायची ताकद लागत नाही, आणि खालिदचा हात त्यात बसलेला आहे. जमशेदपूरला त्याच्याकडे खेळलेल्या उवैसचा थ्रो थेट पेटीत पडतो. त्याने टाकायचा, अन्वरने जवळच्या खांबाशी उडी मारून मागे ढकलायचा, झिंगन आणि भेके लांबच्या खांबाकडून आत, एक जण गोलकीपरच्या वाटेत, एक जण पेटीच्या कडेला निसटलेल्या चेंडूसाठी, आणि दोघं मध्यरेषेपाशी मागे. ते मागचे दोघं फार महत्त्वाचे. गोल हवा म्हणून सगळे आत घुसले की पहिल्याच क्लिअरन्सवर समोरचा विंगर मोकळा पळतो. तिघं उंच बचावपटू पुढे गेलेले असतात आणि परतायला त्यांनाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

ह्याच्यावर एक-एक गोल मिळेल, परदेशात बरोबरी निघेल. पण घरच्या मैदानावर सिंगापूर मागे बसलं आणि चेंडू आपल्याला देऊन टाकला, तर? पासवर पास करत फट शोधायची कवायत ना खालिदची आहे, ना त्यासाठी दिवस आहेत. माझी झोप तिथे उडते. आणि तसं झालं तर लोक म्हणणार, बघा, भारतीय कोच आणला. मानोलो वर्षभर गोवा आणि भारत दोन्ही सांभाळत होता, निकाल लागले नाहीत, सन्मानाने गेला. खालिद जमशेदपूर सोडून आलाय, दोन वर्षांचा करार, एकच नोकरी. पडला तर पुढच्या दहा वर्षांत दुसऱ्या भारतीयाचं नाव कुणी घेणार नाही. तो स्वतः तर बोलणारच नाही, पत्रकार परिषदेत दोन वाक्यांच्या पुढे त्याची गाडी कधी गेलीये?

तुझं काय? मस्कतची बदली पक्की झाली का? इराला सायन्सच घ्यायचंय की तुम्हा दोघांनाच? वहिनींना सांग, पातळ पोह्यांचा चिवडा मिळाला, संपलाही. बुधवारी गणपती बसतायत, दीड दिवसाचेच.

शुक्रवारी ताजिकिस्तानशी सामना आहे, त्यांच्याच मैदानावर. नक्की बघ. पहिला लांब थ्रो मिळाला की चेंडूकडे बघू नकोस, मध्यरेषेपाशी आपले किती उभे आहेत ते मोज आणि मला कळव. एकच असला तर मी रात्रीच फोन करतो, मग तू बोलू दे नाहीतर नको देऊस.

तुझा,
मन्या