खाणीच्या तोंडाशीच टेबल मांड

प्रिय निखिल,

तुझं पत्र आणि स्क्रीनशॉट दोन्ही मिळाले. रिमवर्ल्ड या संगणकावरच्या खेळातली तुझी वसाहत दुसऱ्या हिवाळ्यात शिरली तरी भिंत अर्धीच, हे वाचून राहवलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

माणसं कमी पडतात असं तू म्हणतोस, ते मला पटत नाही. तुझी खाण नकाशाच्या ईशान्य कोपऱ्यात आणि दगड फोडायचं टेबल स्वयंपाकघराला लागून. म्हणजे प्रत्येक चंक, खाणीतून निघालेला अख्खा धोंडा, सगळा नकाशा ओलांडून येतो. आता हिशेब बघ. चंक एका खेपेला एकच उचलता येतो. टेबलावर फोडला की त्याचे २० ब्लॉक, म्हणजे घडीव दगड, होतात आणि भिंतीच्या एका चौकोनाला ५ लागतात, म्हणजे खेपेमागे ४ चौकोन. तेच ब्लॉक करून आणलेस तर एक धडधाकट माणूस एका वेळी ७५ उचलतो. झाले १५ चौकोन! पायपीट तेवढीच आणि भिंत जवळजवळ चौपट.

तेव्हा टेबल खाणीच्या तोंडाशी ने. त्याला वीज लागत नाही. मशाल मात्र लाव, अंधारात काम मंदावतं. शेजारीच चंकचा स्टॉकपाइल, म्हणजे साठवणीची जागा, आख आणि टेबलाच्या बिलातली (कामाच्या ऑर्डरमधली) सामान शोधायची त्रिज्या अगदी लहान ठेव, नाहीतर कारागीर कुठल्यातरी लांबच्या दगडामागे जाईल. तयार माल ‘जमिनीवर टाक’ हा पर्याय निवडायला तर विसरूच नकोस. तो नसेल तर दर २० ब्लॉकमागे कारागीर स्वतःच गोदामाकडे निघतो आणि टेबल रिकामं पडतं. इतक्या चांगल्या हाताच्या माणसाला हमालीला लावणं मला बघवत नाही रे.

भिंतीलगत ब्लॉकसाठी छोटा स्टॉकपाइल कर, प्राधान्य सगळ्यात वरचं, ‘क्रिटिकल’. कामांच्या तक्त्यात हॉलिंग, म्हणजे ओझी वाहणं, बरंच उजवीकडे असतं, म्हणून बाकी बहुतेक कामं उरकल्यावरच त्याची पाळी येते. दुसरं काही धड न येणाऱ्या एकाला तिथे १ नंबर दे, म्हणजे तो हे काम आधी करेल. शिवाय तुझ्याकडे हस्की कुत्रे आहेत ना? त्यांना हॉलिंग शिकव, ते बिनबोभाट ओझी वाहतात.

बाहेरच्या भिंतीला ग्रॅनाइटच वापर. संगमरवर देखणा असला तरी तेवढा मार सोसत नाही, तो जेवणघराला ठेव.

सेव्ह फाइल पाठव, वेस कुठे काढायची ते मी बघून सांगतो.

तुझा,
आदित्य