दातांच्या तातडीच्या उपचारांसाठी निधी : सभासदांना कळकळीचं आवाहन

सर्वांना नमस्कार. कार्यकारिणीची मीटिंग काल रात्री उशिरा संपली आणि अध्यक्ष म्हणाले मजकूर आजच गेला पाहिजे, त्यामुळे शुद्धलेखनाकडे नको, मुद्द्याकडे बघा. आपला दातनिधी जवळजवळ संपलाय. उद्या कुणी सुजलेला गाल धरून दारात उभा राहिला तर त्याला पूर्ण मदत देऊ असं खजिनदार आज छातीठोकपणे सांगू शकत नाहीत.

हा निधी सुरू कसा झाला हे नवीन लोकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आपल्या माजी अध्यक्ष बाईंनी निवृत्तीच्या पैशातून पहिली रक्कम टाकली, तीही हारतुरे काही नको या अटीवर. त्यानंतर चौकटीच्या शर्टातले आपले सर (नाव लिहिलं तर रागावतील, पण सगळ्यांना कळलंच असेल) दर महिन्याला न सांगता पाकीट आणून देतात, एकदा आजारी होते तर सुनेच्या हाती पाठवलं, पण खंड नाही. आणि आपले डॉक्टर, ज्यांनी कित्येकदा दवाखाना बंद करता करता परत शटर वर केलंय आणि फी विचारली की "आधी पेशंटचं बघू" एवढंच बोललेत. या मंडळींच्या जिवावर आपण इथपर्यंत आलो, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

मैदानावरचा तो प्रसंग आठवतोय ना? पोराचा पुढचा पक्का दात मुळासकट निघून पडला, घरचे घाबरून रक्तच बघत बसले. आपल्या कार्यकर्तीने दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलला, मुळाला बोटसुद्धा लागू दिलं नाही, घासला नाही, पुसला नाही, दुधात टाकला आणि पोराला आणि दाताला घेऊन थेट डॉक्टरांकडे. मुळावरच्या जिवंत पेशी कोरड्या पडल्या की मरतात, म्हणून पहिला अर्धा तास फार मोलाचा, तासाभरानंतर दात जगायची आशा झपाट्याने कमी होते. (दुधाचा दात पडला तर मात्र तो परत बसवायचा नसतो, खालच्या पक्क्या दाताला धोका होतो.) त्या दिवशी वडिलांकडे लगेच भरायला पैसे नव्हते, निधीतून गेले, दात जागेवर बसला. असा अभिमान वाटला सांगू.

आता जरा टोचणारं. मागच्या आवाहनाला ग्रुपवर अंगठे आणि हात जोडलेले भरपूर आले, पैसे मात्र नेहमीच्याच घरांतून. वार्षिक सभेत तर एकजण म्हणाले, दाताने कोण मरतं? लागलं मनाला. दाढेच्या मुळाशी झालेला पू जबड्याखाली, मानेत उतरला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते. ताप, तोंड न उघडणं, गिळता न येणं, सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकणं, यातलं काहीही दिसलं तर दंतवैद्याच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, पैशाचं मागून बघू. पण "मागून बघू" म्हणायला मागे कुणी उभं लागतं, तेच तुम्हाला मागतोय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात जवळपास ३५० कोटी लोकांना तोंडाचे आजार आहेत. ज्यांचा दाताचा विमा नाही (आरोग्य विमा असला तरी दात बऱ्याचदा त्यात नसतात) ते काय करतात, तर ठणका गोळ्यांवर ढकलतात. उरलेलं अँटिबायोटिक घेतात, सूज उतरते, वाटतं बरं झालं. पण आत मेलेली नस तशीच असते, ती साफ केल्याशिवाय किंवा दाढ काढल्याशिवाय दुखणं जात नाही, परत येतं आणि तेव्हा खर्च जास्त. काहीजण ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवतात, त्याने हिरडी भाजते, कृपा करून करू नका.

म्हणून निधी फक्त पहिल्या टप्प्यासाठी आहे: तपासणी, एक्स-रे, पू काढणं, दाढ काढणं किंवा रूट कॅनलची पहिली बैठक. कॅप, इम्प्लांट, दात पांढरे करणं यात बसत नाही, उगाच वाद नको. पुढचं काम डॉक्टरांशी बोलून हप्त्यांत करता येतं, अंदाजे खर्च आधी लिहून मागा, त्यात लाजायचं काय? डेंटल कॉलेजमध्येही विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली बऱ्याच कमी पैशात काम करतात, वेळ जास्त लागतो एवढंच. सोबत जायला माणूस हवा असेल तर आपण देतो.

बाकी थोडक्यात. पैसे खजिनदारांकडेच द्यायचे, ऑनलाइन किंवा रोख, पावती घेतल्याशिवाय निघायचं नाही, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. मदत पेशंटच्या हातात नाही तर थेट दवाखान्याला जाते, हिशोब नेहमीप्रमाणे बोर्डवर लागेल. रक्कम कितीही चालेल, दरमहा ठरवून दिलीत तर जास्त सोयीचं. पैसे जमत नसतील तर रात्री-बेरात्री गाडी काढणारे हवेत, ओळखीचे दंतवैद्य महिन्यातून एखादा तास देणार असतील तर तेही विचारा. मदत हवी असणाऱ्यांनी चिठ्ठी-शिफारशीच्या भानगडीत न पडता सरळ फोन करावा, नंबर सगळ्यांकडे आहेच. महिनाअखेरपर्यंत काय जमतंय ते बघून कार्यकारिणी पुढचं ठरवणार आहे.

आपला,
सचिव (कार्यकारिणीच्या वतीने)