डॉक्टर मॅडम, तो हिशोबाचा कागद अजून फडताळात आहे

मॅडम, नमस्कार.

तुमची बदली झाली, जुना नंबर पण लागत नाही, म्हणून इथेच लिहितोय. कोणी ओळखीचं असेल तर प्लीज पोचवा.

ऑगस्ट 2022. रावेर तालुक्यात लम्पी निघालाय एवढंच कानावर आलेलं आणि बघता बघता आमच्या तांबडीच्या अंगावर गाठी, ताप, पाय सुजलेले, 10 लिटरची गाय 3 लिटरवर. खरं सांगतो, मी कुणाला कळवणारच नव्हतो. एक व्यापारी 20 हजार देत होता, रात्री टेम्पोत घालायची ठरलं पण होतं. तेवढ्यात तुम्ही आलात, आणि गायीला हात लावायच्या आधी चौकशीच सुरू, कुठून आणली, किती दिवस झाले, शेजारी कोणाचा गोठा. पंधरा दिवसांपूर्वी बाजारातून आणली म्हटल्यावर तुम्ही उभ्या उभ्या तिकडच्या दवाखान्यात फोन लावला. मला वाटलं, ही बाई डॉक्टर आहे का पोलीस!

मग पोराच्या वहीचं पान फाडून आमची गल्ली काढलीत, अजून दोन गोठ्यांत गाठी निघाल्या तिथे तारखा टाकल्या, तर तिन्ही गोठे नाल्याच्या अंगाला, उकिरड्याला लागून. माशा, डास, गोचीड यांचं काम आहे हे तेव्हा डोक्यात शिरलं, तोवर घरची लिंबू-मिरची बांधून मोकळी झालेली.

त्याच पानाच्या मागे हिशोब. गाय ठेवली तर रोजचं 7 लिटर बुडणार, 30 रुपयांनी महिन्याचे 6300, वर औषधं. विकली तर 60 हजारांच्या गायीचे 20 हजार, म्हणजे 40 हजार तिथेच गेले. आणि खाली तुम्ही लिहिलंत, "ज्याच्या दारात जाईल त्याचे किती?" तिथे आकडा टाकलाच नाहीत. टेम्पोवाल्याला मी तिथूनच नको म्हणून सांगितलं.

लसीवरून काकांनी घातलेला गोंधळ आठवतो का? शेळीच्या देवीची लस गायीला कशी म्हणून अडून बसले होते, तुम्ही म्हणालात दोन्ही व्हायरस एकाच भावकीतले, तेव्हा कुठे दावं सोडलं. आजारी जनावर सोडून 5 किलोमीटरमधल्या सगळ्या गायी-बैलांना टोचलंत, ताकद यायला 2-3 आठवडे लागतात म्हणून पोळ्याला बैल वेशीत आणू दिले नाहीत. गाव तुमच्यावर लई चिडलं होतं, मी पण. गोठ्यातच पुरणपोळी चारली.

शेजारचं एक वासरू गेलं. पुढे सरकारची मदत आली, गायीला 30 हजार, बैलाला 25, वासराला 16. तुम्ही आधीच नोंद केलेली म्हणून त्याला पंचनाम्याला त्रास झाला नाही. मी लपवली तशी त्याने लपवली असती तर बसला असता बोंबलत.

तांबडी महिन्याने उठली. दूध 8 वरच राहिलं, पण गाय दावणीला आहे, गेल्या वर्षी कालवड झाली. कानात बिल्ला मारून घेतलाय, लाळ्या-खुरकुताचे डोस पण चुकवत नाही. नवीन डॉक्टर चांगले आहेत, फक्त नकाशा काढत नाहीत. इकडे आलात तर चहाला या, आणि तुमचा निळा पेन माझ्याकडेच राहिलाय.