धातू इथेच का थांबला?

प्रिय विनय,

स. न. वि. वि.

‘धातू जमिनीत असतो, खणला की निघतो, मग तुम्ही भूवैज्ञानिक इतकी वर्षं करता तरी काय?’ हा तुझा खोचक प्रश्न वाचला. उत्तर लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

जमिनीत असतो हे खरंच. कुठलाही दगड उचल, त्यात तांबं आहे, सोनंही आहे. पण किती? भूकवचात तांब्याचं सरासरी प्रमाण साधारण 0.006 टक्के. एक टन खडकात जेमतेम 60 ग्रॅम! सोनं तर टनामागे काही मिलिग्रॅम. मोठ्या उघड्या खाणीतून तांबं काढणं परवडायला प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास लागतं. म्हणजे निसर्गाने ते आधीच शंभरेक पट गोळा करून ठेवलेलं हवं. लोखंड मुळातच पाच टक्के, त्यामुळे त्याचं दहा-बारा पटींवर भागतं. म्हणूनच धातू आला कुठून, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तो सगळीकडे आहे. चालता चालता इथेच का थांबला, हे शोधण्यात आमचं आयुष्य जातं.

धातू वाहून नेणारा मुख्य हमाल म्हणजे पाणी. खोलवर तापलेलं, खारट पाणी. त्यातलं क्लोराइड तांबं, शिसं, जस्त यांना विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवतं. सोन्याला बहुतेक वेळा गंधकाची सोबत लागते. हे पाणी भेगांतून वर सरकतं आणि कुठेतरी त्याची पकड सुटते. ते थंड होतं, दुसऱ्या पाण्यात मिसळतं, चुनखडीसारख्या खडकाशी त्याची रासायनिक प्रक्रिया होते, नाहीतर ते उकळतं. यातलं उकळणं मला सगळ्यांत आवडतं. भेग अचानक रुंदावली की दाब उतरतो, पाणी उकळू लागतं, हायड्रोजन सल्फाइड वायू होऊन निसटतो आणि एकटं पडलेलं सोनं तिथल्या तिथे साचतं. त्यामुळे अशा शिरांमध्ये, म्हणजे खनिजांनी भरून गेलेल्या भेगांमध्ये, श्रीमंत पट्टा बऱ्याचदा ठरावीक उंचीवरच मिळतो; वर आणि खाली नुसती पांढरी गार (क्वार्ट्झ). शिरेच्या भरवशावर खणत सुटलेले किती तरी लोक त्या गारेपाशी कंगाल झाले.

ही गोष्ट डोळ्यांदेखत घडताना माणसाने पाहिली ती 1979 मध्ये. पॅसिफिकच्या तळाशी, ईस्ट पॅसिफिक राइज या बुडालेल्या पर्वतरांगेवर, ‘आल्विन’ पाणबुडीतल्या शास्त्रज्ञांना खडकाच्या धुराड्यांतून काळाकुट्ट धूर निघताना दिसला. तो धूर नव्हताच. तापमान साडेतीनशे अंश सेल्सियसच्या घरातलं, वरच्या अडीच किलोमीटर पाण्याच्या दाबामुळे न उकळलेलं पाणी होतं ते. सुरुवातीला नेलेल्या तापमापकाचं प्लॅस्टिकच वितळलं. बर्फगार समुद्रात शिरताच त्या पाण्यातली लोह, तांबं, जस्त यांची सल्फाइडं (गंधकाशी झालेली संयुगं) कणाकणाने बाहेर पडतात, तोच काळा रंग. सायप्रसचे तांब्याचे साठे, जपानमधले कुरोको साठे म्हणजे असेच जुने समुद्रतळ, पुढे जमिनीवर उचलले गेलेले.

सगळं पाण्यानेच होतं असं मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डमध्ये शिलारस थिजत असताना क्रोमाइटचे (क्रोमियमच्या खनिजाचे) थरच्या थर तयार झाले; ते कसे, यावर आमच्यात अजून भांडणं चालू आहेत. लोखंडाचे पट्टेदार खडक तर प्राचीन समुद्रात साचले. ते प्रकरण एवढं मोठं आहे की आज त्यात शिरत नाही.

आता अभ्यास कसा करतो ते सांगतो. गारेचा स्फटिक वाढताना त्याच्या पोटात त्या वेळच्या पाण्याचा सूक्ष्म थेंब अडकतो. पुढे थंड होताना थेंब आकसतो आणि त्यात एक बुडबुडा उरतो. 1858 मध्ये हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने मुद्दा मांडला की या थेंबांवरून खडक कोणत्या तापमानाला तयार झाला हे ताडता येईल. आम्ही आजही तेच करतो. स्फटिकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू तापवायचा. बुडबुडा लहान होत होत नाहीसा होतो. तो ज्या अंशाला गेला, निदान तितकं तरी ते पाणी गरम होतं. मग थेंब गोठवायचा आणि बर्फ कितीला वितळतो ते पाहायचं, म्हणजे खारेपणा कळतो. काही थेंबांत तर मिठाचा इवलासा घन स्फटिक बसलेला दिसतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पाणी, अजून ओलं. विनय, या कामाचा मला कधी कंटाळा आला नाही.

पण निव्वळ तर्काच्या जोरावर साठा शोधल्याची माझी आवडती गोष्ट अ‍ॅरिझोनातली. तांब्याच्या पॉर्फिरी साठ्याभोवती, म्हणजे थिजलेल्या शिलारसाच्या खडकात तांबं बारीक विखुरलेलं असतं अशा मोठ्या साठ्याभोवती, गरम पाणी खडक बदलत जातं आणि कवचांवर कवचं तयार होतात: आत गुलाबी फेल्डस्पार आणि काळा अभ्रक, त्याबाहेर पांढुरका अभ्रक आणि पायराइट (लोखंड-गंधकाचं सोनेरी खनिज), सगळ्यांत बाहेर क्लोराइट, एपिडोट ही हिरवट खनिजं. तिथल्या सॅन मॅन्युएलच्या खाणीत डेव्हिड लॉवेल या भूवैज्ञानिकाला ही कवचं अर्धीच दिसली, तीही आडवी कललेली. मग उरलेला अर्धा भाग कुठे गेला? एका भ्रंशाने (खडक सरकलेल्या मोठ्या भेगेने) तो कापून दूर सरकवला असणार, असं त्यांनी ताडलं आणि तो सरकून जिथे गेला असेल तिथे ड्रिलिंग केलं. 1965 मध्ये जमिनीखाली शेकडो मीटरवर कालामाझूचा साठा लागला. पुढे 1970 मध्ये जॉन गिल्बर्ट यांच्याबरोबर त्यांनी ही कवचांची मांडणी प्रसिद्ध केली. आजही पॉर्फिरी शोधणारा प्रत्येक जण ती मनात ठेवूनच चालतो.

लक्षात घे, तिथे दिशा दाखवली ती तांबं नसलेल्या खडकाने. म्हणून रिकामं गेलेलं भोक मी वाया गेलं असं मानत नाही. कोअरच्या, म्हणजे ड्रिलिंगमधून निघालेल्या दगडी कांड्यांच्या, पेट्या ओळीने मांडायच्या, पाणी मारून ओल्या करायच्या, भिंगाने वीत-वीत वाचत जायचं. हिरवा पट्टा कुठे संपला, कोणती शीर कोणत्या शिरेला कापून गेली, म्हणजे आधी कोण, नंतर कोण. हल्लीची मुलं संगणकावरचे रंगीत नकाशे बघून खूष होतात आणि पेटीपाशी बसायला कंटाळतात, याची मला चीड येते.

‘नवे साठे तयार होतात का?’ असंही तू विचारलंस. होतात, आत्ताही, ज्वालामुखींच्या पोटात. पण दोन-तीन किलोमीटर खोल. वरचा खडक झिजून ते उघडे पडायला लाखो वर्षं लागतील. आणि फार जुने तर केव्हाच झिजून वाहून गेले. म्हणून पॉर्फिरी तांबं बहुतेक तरुण पर्वतरांगांतच सापडतं.

राहता राहिला तुझ्याकडचा सोनेरी दगड. फोटोवरून काही सांगणार नाही. चाकूच्या टोकाने दाबून बघ: सोनं दबेल, पायराइटवर ओरखडाही उठणार नाही. मग फरशीच्या न चकाकणाऱ्या पाठीवर घास. रेघ पिवळीधमक आली तर लगेच फोन कर; हिरवट काळी आली तर सावकाश पत्राने कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर