संस्थेचे डोमेन संस्थेच्याच नावे असावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वरूड तालुक्यातील संत्रा उत्पादकांच्या एका कंपनीचा मी संचालक आहे. गेल्या आंबिया बहाराची तोड सुरू होण्याच्या सुमारास परराज्यातील एका खरेदीदाराने आम्हांला कळवले की, यापुढे दरपत्रके आणि बिले कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरील, म्हणजे इंटरनेटवर कंपनीच्या नावे घेतलेल्या पत्त्यावरील, ईमेलवरूनच पाठवावीत, कोणाच्या खाजगी ईमेलवरून आलेले बिल स्वीकारले जाणार नाही. मागणी रास्त होती. आमची वेबसाइट होती, तिचे ‘डॉट कॉम’ डोमेनही होते. म्हणून आम्ही कंपनीच्या नावाने कार्यालयीन ईमेलचे खाते उघडायला घेतले, आणि ‘डोमेनच्या मालकीची पडताळणी करा’ या पायरीवर येऊन थांबलो.

गूगल असो वा मायक्रोसॉफ्ट, या पडताळणीची रीत सारखीच आहे. सेवा एक कोड देते. तो आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाची वेबसाइट व ईमेल कुठे आहेत हे सांगणाऱ्या नोंदींमध्ये, टीएक्सटी रेकॉर्ड (साध्या मजकुराची नोंद) म्हणून नोंदवायचा. तो तिथे दिसला की डोमेन आपल्या ताब्यात असल्याचे सेवा मान्य करते. नोंद दिसायला कधी काही मिनिटे लागतात, तर कधी दोन-तीन दिवस. काम एवढेच. मात्र आमच्यापैकी एकाकडेही डीएनएसचे लॉगिन नव्हते. वेबसाइट गावातल्याच एका होतकरू मुलाने करून दिली होती. डोमेन त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर, पाच वर्षांचे शुल्क एकदम भरून घेतले होते, आणि ते पैसे आम्ही त्याला रोख दिले होते. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा जुना मोबाइल क्रमांक बंद झाला.

आम्ही कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन कार्ड पुढे केले, पण त्यांचा काही उपयोग झाला नाही. सातबारा कोणाच्या नावावर आहे हे ही पडताळणी विचारतच नाही. धुऱ्यावर खूण कोण रोवू शकतो, एवढेच ती पाहते. शिवाय ज्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, डोमेन नोंदवले होते, त्याच्या दप्तरीही नाव त्या मुलाचेच होते. म्हणजे सातबाराही त्याचा आणि वहिवाटही त्याचीच. दोन आठवड्यांनी त्याचा पत्ता लागला. त्याने त्याच रात्री कोड घातला आणि पुढे डोमेन कंपनीच्या नावे करून दिले. त्याच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही. वजनकाट्याच्या खरेदीसाठी रीतसर ठराव घेणाऱ्या संचालक मंडळाने डोमेनची कुठल्याही नोंदवहीत साधी नोंदही केली नाही, ही चूक आमची आहे.

तो सापडला नसता तर काय झाले असते, या विचाराने मी आजही अस्वस्थ होतो. ‘डॉट कॉम’ डोमेनची मुदत संपली की रजिस्ट्रार ठरावीक दिवस नूतनीकरणाची संधी देतो. त्यानंतर जादा शुल्क भरून ते सोडवण्यासाठी तीस दिवस मिळतात. आणखी पाच दिवसांनी ते नाव कोणालाही घेता येते. ज्याच्या हाती ते जाईल, त्याला आपल्या पत्त्यावर येणारी सगळी पत्रे मिळू शकतात, त्यांत बँकेची सूचना आली आणि पासवर्ड बदलण्याचा दुवाही आला. आपल्या नावाने खरेदीदाराला खोटा खाते क्रमांक पाठवणेही त्याला अवघड नाही.

ताबा मिळाल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. डीएनएसमध्ये पूर्वी केलेल्या पडताळणीचे जुने कोड तसेच राहिले होते. काही सेवांमध्ये असा कोड जागेवर असेपर्यंत तो घालणारी व्यक्ती मालक म्हणूनच धरली जाते. माणूस काम सोडून गेला की त्याचा कोडही काढायला हवा. मात्र कोणती नोंद कशाची आहे हे ठाऊक नसताना हात लावू नये, कारण ईमेल कुठे पोचवायचा हे सांगणारी एमएक्सची नोंद चुकून पुसली गेली तर ईमेल येणेच बंद होते.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घालून त्यांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावावर नेले. शेतकरी कंपन्या, पतसंस्था, वाचनालये आणि शिक्षण संस्था यांना असे कोणी विचारणारे नाही. केंद्राच्या २०२० च्या दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेत मार्गदर्शनासाठी संस्था नेमलेल्या आहेत. त्यांनी आपल्या प्रशिक्षणात या विषयाला निदान एक तास द्यावा, आणि लेखापरीक्षकांनी दरवर्षी तीन प्रश्न विचारावेत: डोमेन कोणाच्या नावे आहे, त्याचे लॉगिन कोणत्या दोन पदाधिकाऱ्यांकडे आहे आणि मुदत कधी संपते. लॉगिनसाठीचा ईमेलही त्याच डोमेनवरचा नसावा, नाहीतर डोमेन बंद पडताच ते सोडवण्याचा मार्गही बंद होतो.

आमच्या कंपनीने हे तिन्ही तपशील मालमत्ता नोंदवहीत लिहिले असून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ते सभासदांपुढे वाचले जाणार आहेत.

आपला विश्वासू,
एक संत्रा उत्पादक, ता. वरूड, जि. अमरावती