मध-व्हिनेगर छापता, तर पाण्याचे मापही छापा

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘रोज सकाळी मध आणि व्हिनेगर घ्या’ असा सल्ला वाचला. किती घ्यायचे आणि कशात, याचा त्यात पत्ताच नाही.

स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये साधारण 5 टक्के ॲसिटिक आम्ल असते. नुसतेच गिळले तर घसा आणि अन्ननलिका पोळू शकते. चहाचे दोन चमचे (10 मिलि) व्हिनेगर, एक चमचा मध आणि 200 मिलि कोमट पाणी, याहून कडक नको. आधी मध विरघळवावा, व्हिनेगर शेवटी. पाणी कढत असले तर व्हिनेगरची वाफ नाकात जाऊन ठसका लागतो.

एवढे पाणी घालूनही पेयाचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितके आम्ल कडक) 3 च्या आसपासच राहतो, आणि दातांचे इनॅमल (वरचे कठीण कवच) तर पीएच 5.5 च्या खाली गेले की विरघळू लागते. त्यामुळे ग्लास समोर ठेवून तासभर घोट-घोट पिणे सर्वांत वाईट. जेवणासोबत एका बैठकीत संपवावे, लगेच साध्या पाण्याने चूळ भरावी. दात मात्र अर्ध्या तासानंतरच घासावेत. मऊ पडलेले इनॅमल ब्रशने आणखी झिजते.

उपाय जुना आहे, हे खरे. ग्रीक वैद्य कफ सुटावा म्हणून ‘ऑक्सिमेल’ म्हणजे मध-व्हिनेगरचे मिश्रण देत, इराणात त्याचेच भावंड सिकंजबीन. खोकल्यात घशाला आराम पडतो तो बहुतेक मधामुळे. पिष्टमय जेवणासोबत व्हिनेगर घेतल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा थोडी कमी चढते, असे लहान अभ्यासांत दिसले आहे. पण चमचाभर (7 ग्रॅम) मधात सुमारे 6 ग्रॅम साखर असते. तेव्हा आंबट लागते म्हणून मध वाढवत जायचे आणि त्यालाच मधुमेहावरचा उतारा म्हणायचे, हे काही जमत नाही!

इन्सुलिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन (हृदयाचे औषध) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये. रक्तातले पोटॅशियम घटण्याचा धोका असतो. अल्सर किंवा आम्लपित्त असलेल्यांनी टाळावेच. एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. त्यात असू शकणारे बोट्युलिझमचे (जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे) बीजाणू साध्या उकळण्यानेही मरत नाहीत.

मिश्रण करून ठेवायचे तर काचेची बाटली घ्यावी. झाकण पत्र्याचे नको, आम्लाने ते गंजते.

– एक वाचक