सिनेमा अडला म्हणून संपत नाही

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

बाळ झाल्यापासून तू तुझ्या डॉक्युमेंटरीचं नाव काढत नाहीस. परवा फोनवर "आता ते संपलं, आई" म्हणालास, तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. म्हणून किडलॅट ताहिमिक या सिनेदिग्दर्शकाबद्दल लिहितेय.

हा फिलिपिन्समधल्या बागिओ शहरचा, जन्म 1942चा, मूळ नाव एरिक दे गिया. आई त्या शहराची महापौर होती. अमेरिकेत एमबीए, मग पॅरिसला ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेत अर्थतज्ज्ञाची नोकरी. ते सगळं सोडून तो सिनेमाकडे वळला. 1977च्या 'परफ्यूम्ड नाइटमेअर'मध्ये अंतराळयानांचं वेड लागलेला जीपनीचालक (जीपनी म्हणजे तिकडची प्रवासी जीपगाडी) त्यानं स्वतःच रंगवला. हाताशी पैसा अगदी थोडा, तरी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात समीक्षकांचं पारितोषिक मिळालं.

पण मला सांगायचंय ते पुढचं. 1979च्या सुमारास त्यानं पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलनच्या गुलामावर, एन्रिकेवर सिनेमा सुरू केला. मॅगेलन 1521 साली फिलिपिन्समधल्या मॅक्टन बेटावर मारला गेला, त्याची पृथ्वीप्रदक्षिणा अर्धीच राहिली. एन्रिके मात्र आताच्या मलेशियातल्या मलाक्काहून युरोपात नेलेला, मूळचा पूर्वेकडचा; या सफरीत तो पश्चिमेकडून फिरून पुन्हा आपल्याच मुलखाजवळ पोचला. म्हणजे जगाला पहिली फेरी घातली ती कदाचित या गुलामानंच! एन्रिकेची भूमिकाही किडलॅटनंच केली. काय जबरदस्त विषय आहे बघ. तरीही मुलं लहान होती म्हणून त्यानं तो बाजूला ठेवला आणि मुलांसोबत राहिला. कॅमेरा मात्र बंद केला नाही. थोरल्या मुलाबरोबरची वर्षं आणि त्याच काळात देशात चाललेली उलथापालथ चित्रित करत राहिला, आणि त्यातून एक वेगळाच सिनेमा उभा राहिला.

एन्रिके पडद्यावर आला 2015 साली, बर्लिनच्या महोत्सवात. तोवर किडलॅट सत्तरी ओलांडून गेला होता, आणि त्याचं तरुणपण नि म्हातारपण दोन्ही त्या सिनेमात आलं. त्याला तिथं कॅलिगारी पारितोषिक मिळालं. 2018मध्ये देशानं त्याला राष्ट्रीय कलावंत हा किताब दिला. हे वाचताना मला सारखा तूच आठवत होतास.

दिवाळीला इचलकरंजीला याल तेव्हा कॅमेरा आण. कांडी भरणाऱ्या बायकांशी मी बोलून ठेवलंय, त्या तयार आहेत. बाळाला मी सांभाळेन. तू आणि रमा सकाळीच मागांवर जाऊन या, दुपारच्या जेवणाची घाई करू नका.

तुझी,
आई